काठी न आणलेला सोमवार

ज्या दोन पानांमुळे परभणीच्या कचेरीत वीरुपाक्षअप्पा उमाट्यांचं नाव अजून निघायचं, त्याच दोन पानांची अप्पांना गेली तीस वर्षं लाज वाटत आली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मल्लम्मालाही नाही, आणि अप्पांबद्दल मल्लम्माला ठाऊक नाही अशी दुसरी गोष्ट उभ्या परभणीत नव्हती.

अप्पा परिवीक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले त्याला सतरा वर्षं होऊन गेली. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडतं आणि वर्ष-दोन वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायला एक अधिकारी नेमतं. अप्पांनी हेच काम जन्मभर केलं. शेजारणींना एवढं सगळं समजावून सांगायचा मल्लम्माला कंटाळा. "आमचे हे? चोरांची हाजिरी घ्यायचे," एवढ्यावर ती विषय मिटवायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी अप्पा ओसरीवर खाटेवर पडून वाचत होते. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातलेली त्यांची पुस्तकं उशाशी रचलेली होती. फाटकाशी स्कूटी थांबली आणि संघप्रिया खिल्लारे आत आली. कचेरीतल्या अप्पांच्या खुर्चीवर आता ती बसत असे. दोन वर्षं झाली होती तिला. महिन्या-दीड महिन्यातून एक चक्कर मारायची, काही अडलं की विचारायची. आपण काही सांगण्याच्या लायकीचे आहोत असं अप्पांना कधीच वाटलं नाही, पण ती आली की त्यांना बरं वाटे.

"सर, पुण्याच्या एका संस्थेचा फॉर्म आलाय. निवृत्त अधिकाऱ्यांकडूनही भरून घ्या म्हणतात. पहिलाच प्रश्न बघा, तुमच्या देखरेखीखालच्या शंभर माणसांपैकी, तुमच्या मते, किती जणांना मानसिक आजार असावा? मी पाच लिहिले."

"पाच कसे काढलेस?"

"जे ओरडतात, अंगावर येतात, स्वतःशीच बडबडतात, ते. एक जण तर दर वेळी माझा पेपरवेट खिशात घालून निघतो. दारात नागेश शिपाई तो काढून घेतो. बाकीचे सगळे शांत आहेत सर."

"त्या पाचात आमच्या ह्यांना धरलं का ग?" मल्लम्मा आतून म्हणाली. "दिवसभर पुस्तकासंगं बोलत बसतेत."

संघप्रिया हसली. अप्पाही हसले, पण फॉर्मवरच्या त्या चौकोनी रकान्याकडे बघत राहिले. पेन हातात होतं. आकडा काही सुचेना.

"ते सावकाश भरा. आधी हे नजरेखालून घाला." तिनं पिशवीतून एक फाइल काढली. "रामकिशन. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. उद्या त्याची शेवटची हजेरी आणि परवा माझा अहवाल कोर्टात. तुमच्याच नमुन्यावर लिहिलाय. तो नमुना अजून कपाटात आहे सर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. नवीन माणूस रुजू झाला की आधी तोच वाचायला देतात."

अप्पांनी चष्मा पुसला. पुसलेलाच होता, तरी परत पुसला.

"या रामकिशननं काय केलं होतं?"

"भांडण. गावच्या क्रिकेट मॅचला माइकवर कॉमेंट्री करायचा. आउट आहे, नाही, यावरून पलीकडच्या टीमचा एक जण अंगावर आला, तर यानं जवळचा स्टंप त्याच्या डोक्यात घातला. तो वाचला, पण टाके पडले. एक वर्षाची हमी." तिला आठवून हसू आलं. "पहिले काही महिने काय करमणूक होती म्हणून सांगू! नागेश पाण्याचा जग घेऊन आला की हा बाकावरून सुरू व्हायचा, 'आणि नागेशभाऊ दालनाच्या बाजूनं धावत येत आहेत, हातात जग, नजर टेबलावर...' माझ्या शेजारच्या साहेबांनी दोनदा तक्रार केली."

"आणि आता?"

"आता येतो, बसतो, सही करतो, जातो. चार-पाच महिने झाले, चकार शब्द नाही. माइक सोडला, मैदान सोडलं, ती टोळकी सोडली. सुधारला."

अप्पांनी वाचायला सुरुवात केली. *पूर्वी ज्या गोष्टीपायी त्याच्या हातून गुन्हा घडला, ती गोष्ट त्याने स्वखुशीने सोडली आहे. तो शांत असतो. त्याची कोणतीही तक्रार नाही. वर्तनात लक्षणीय सुधारणा दिसून येते.* एकेक शब्द त्यांचाच होता. फक्त काठीच्या जागी माइक आला होता.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. समोर ओसरी होती, पण त्यांना दिसत होता तो ब्याण्णव सालचा हजेरीचा दिवस, महिन्याचा पहिला सोमवार.

तेव्हा कचेरी कोर्टामागच्या दोन खोल्यांत होती. दारात लिंबाचं झाड, झाडाखाली अप्पांची सायकल आणि आत माणिकराव कारकुनाचा टाइपरायटर. त्याचा 'र' उमटत नसे, तेव्हा माणिकराव सगळे 'र' नंतर पेनानं घालायचे आणि म्हणायचे, "साहेब, रामाचं नाव हातानंच लिहावं." ज्याची हजेरी असे तो झाडाखाली उकिडवा बसे आणि माणिकरावांनी हाक मारली की आत येई. अप्पा लाजाळू. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते माणिकरावांना पुढं करायचे. पण टेबलापलीकडे एकच माणूस असला आणि त्याला विचारायचे प्रश्न नियमानं ठरवून दिलेले असले, की ते निर्धास्त असत. ते सोमवार त्यांना फार आवडत.

रायभान त्या सोमवारचा. सेलूच्या पलीकडच्या एका लहानशा गावचा मेंढपाळ. मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली, मालकानं शिवी दिली, रायभाननं हातातली काठी चालवली. डोकं फुटलं. कोर्टानं एक वर्षाच्या हमीवर सोडलं. पॅसेंजरनं यायचा, अंगाला लोकरीचा वास, खांद्यावर घोंगडं, हातात तीच काठी. ती खटल्यातून परत मिळाली होती. पहिल्याच दिवशी अप्पांनी नियमानं सांगितलं, "काठी बाहेर ठेवून ये."

तो काठी लिंबाला टेकवून आला आणि आत खुर्चीवर असा बसला, की दारातून ती दिसावी.

"रायभान, पळून जात न्हाई रे काठी," माणिकराव म्हणाले. "तिला काय पाय हायत?"

"तिला न्हाईत, पर मेंढरं तिच्या मागंच चालत्यात," रायभान म्हणाला. "ती हरवली तर आमी सगळेच उभे ऱ्हाऊ."

मग दर महिन्याला हजेरी पाच मिनिटांची आणि गप्पा अर्ध्या तासाच्या. उन्हाळ्यात गंगाखेडकडं उसाच्या रानात मेंढरं बसवली, दोन कोकरं झाली, एकाचा कान काळा आहे. दोनशे मेंढरांतून आपलं मेंढरू कसं ओळखायचं, ते तो सांगायचा. "सायब, तुमी पुस्तकं वळखताव का न्हाई, पाठ बघून? तसंच हाय." अप्पा ते सगळं ऐकून घ्यायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, 'हजर. तक्रार नाही.' कारण तिथं तेवढंच लिहायला जागा होती.

आठव्या महिन्यात रायभान आला तो रिकाम्या हातानं.

अप्पांच्या लगेच लक्षात आलं. "काठी कुठंय?"

"घरी ठिवली."

अप्पांना मनापासून आनंद झाला. ज्या वस्तूनं गुन्हा घडला तीच माणसानं आपणहून खाली ठेवली. यापेक्षा मोठी सुधारणा कोणती? घरी जाऊन त्यांनी मल्लम्मालाही ते सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात रायभानबरोबर त्याची बायको कासाबाई आली. दारातच उभी राहिली.

"सायब, ह्यांनी काठी धरायची सोडली."

"हो ना! फार चांगलं झालं," अप्पा म्हणाले.

"चांगलं झालं?" तिनं विचारलं.

अप्पा हसून मान हलवत होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि ती पुढं काही बोलली नाही. रायभाननं अंगठा दिला, दोघं निघून गेले. काळ्या कानाच्या कोकराचं काय झालं, ते अप्पांनी विचारलं नाही, आणि रायभाननं सांगितलं नाही.

वर्ष संपलं. अप्पांनी दोन पानी अहवाल लिहिला. न्यायाधीशांनी तो भर कोर्टात वाचून दाखवला, म्हणाले, अहवाल असा असावा. त्याची प्रत कपाटात गेली.

आणि त्याच्या पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, रायभान परत आला. झाडाखाली बसून राहिला. माणिकरावांनी हाक मारली नव्हती, कारण यादीत त्याचं नावच नव्हतं. दुपारी अप्पा जेवायला बाहेर पडले तेव्हा त्यांना तो दिसला.

"अरे, तुझी मुदत संपली. सुटलास तू. आता यायचं कारण नाही."

"मंग कुठं जाऊ सायब?"

अप्पांना वाटलं, गडी गंमत करतोय. "घरी जा!" ते हसत म्हणाले. रायभाननं हात जोडले आणि तो फाटकाकडे चालू लागला.

दुसऱ्या वर्षी अप्पांचं सेलूला काम निघालं. सहज म्हणून ते त्याच्या गावी गेले. कासाबाई अंगणात शेळीला पाला घालत होती. घराच्या आढ्याला ती काठी अडकवलेली होती, तिच्यावर धूळ बसलेली. "मेंढरं भावकीत दिली हुती," ती म्हणाली. "जेवायचं न्हाई, झोपायचं न्हाई. दिसभर भिंतीकडं तोंड करून बसायचे. फकस्त तुमच्या सोमवारी उठून आंगोळ करायचे. त्या दिशी बी केली. म्हनले, सायबाकडं जातो. ते काय परत आले न्हाईत. तुमच्याकडं आले हुते का?"

"आला होता," अप्पा म्हणाले. पुढचं त्यांना सांगता आलं नाही.

तिथं नाही, पण आज त्यांनी सांगितलं. अडखळत, मधेच थांबत, दोनदा "माझं चुकत असेल" म्हणत, पण शेवटपर्यंत सांगितलं. संघप्रिया ऐकत होती. आतला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.

"मेंढपाळानं काठी सोडली म्हणजे काय," अप्पा म्हणाले, "हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी ते सुधारणा म्हणून लिहिलं."

संघप्रियानं अप्पांच्या गुडघ्यावरचे कागद परत फाइलमध्ये घातले. मग म्हणाली, "पण सर, तुम्ही डॉक्टर नव्हता."

"नव्हतो."

"मीही नाही. माझ्याकडं तीन तालुके आहेत. हजेरी घ्या, तक्रार विचारा, घरी भेट द्या, एवढंच मला शिकवलंय. आता काय लिहू? क्रिकेट सोडलं म्हणून आजारी आहे, असं? जज हसतील."

"मला माहीत नाही ग. तो खरंच सुधारलाही असेल. मला कसं कळणार?"

"मुदत संपली की फाइल बंद. मग त्याच्या दारात जायचा मला काही अधिकार नाही." तिनं फाइल उचलली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "त्या नमुन्यावरून मी आजवर अकरा अहवाल लिहिलेत सर."

स्कूटी गेली. फॉर्म खाटेवर तसाच राहिला. मल्लम्मा दारात येऊन उभी होती.

"तीस वरसं पोटात ठिवलं?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुमी शांत व्हताव," मल्लम्मा म्हणाली. "मला वाटलं, आपला माणूस शांत हाय."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि ती चहा टाकायला आत गेली.

सोमवारी सकाळी अप्पांनी धुतलेला सदरा घातला, फाटकापर्यंत गेले, परत आले. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. गेलो तर पोरीला वाटेल, म्हातारा डोक्यावर बसायला आला. अर्ध्या तासानं मल्लम्मानंच रिक्षावाल्याला हाक मारली. "ह्यांना कचेरीत सोड. वाटेत उतरतो म्हनले तरी उतरू देऊ नको."

कचेरी आता तीन मजली इमारतीत होती. लिंबाचं झाड नव्हतं. त्या जागी मोटारसायकली लावलेल्या होत्या. ऊन थेट पायऱ्यांवर पडत होतं. झाड तोडलं कधी, कुणाला विचारावं, असं अप्पांच्या मनात आलं आणि तसंच राहिलं. वऱ्हांड्यातल्या बाकावर पस्तिशीचा एक माणूस बसला होता. केसांत कापसाचे तंतू, दोन्ही हात मांड्यांच्या मधे दाबलेले. अप्पा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बोलायला सुरुवात कशी करतात, ते त्यांना आयुष्यभर जमलं नव्हतं. पण त्याची गरज पडली नाही.

"तुमी बी हाजिरीला का बाबा?" त्या माणसानंच विचारलं.

"हो," अप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"ह्या वयात? काय केलं हुतं?"

"एक चूक झाली होती."

"किती दिस झाले?"

"तीस वर्षं."

"तीस वर्सं हाजिरी!" रामकिशननं मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "लय कडक जज हुता बाबा तुमचा."

"फार कडक," अप्पा म्हणाले.

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि परत मावळलं. मग अप्पांनी तो प्रश्न विचारला, जो कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

"तुला झोप लागते का रे?"

"मला?" जणू तो प्रश्न भलत्याच माणसाचा होता. "न्हाई. चार महिने झाले. पहाटं जरा डोळा लागतो, तवर कामावर जायची येळ."

"कॉमेंट्री करायचास म्हणे."

"कोन म्हनलं?" मग तो स्वतःच म्हणाला, "करायचो. आसपासच्या धा गावांत माझ्याबिगर मॅच हुयाची न्हाई. आता माइक धरला की छाती धडधडायलीय. तोंडातून आवाज निघंना." त्याचे हात मांड्यांमध्ये आणखी दाबले गेले. "बाबा, त्या गड्याला स्टंप मारला न्हवं, तवा माइक चालूच हुता. माझ्या दुसऱ्या हातात. टकुऱ्याचा आवाज लाउडस्पीकरच्या पोंग्यातून निघाला. सगळ्या मैदानानं आयकला. आता माइक हातात घेतला की त्योच आवाज येतो. घेतला न्हाई तरी येतो. जिनिंगमदी मशीन चालू असलं की जरा बरं वाटतं. बंद झालं की आलाच."

"मॅडमना का नाही सांगितलंस?"

"मॅडम लय चांगल्या हायत. दर बारीला इचारतेत, काही तक्रार हाय का?" त्यानं खांदे उडवले. "माझी कुनाबद्दल तक्रार हाय बाबा? माराचं काम मीच केलं."

मागं चपलेचा आवाज झाला म्हणून अप्पांनी वळून बघितलं. संघप्रिया दारात उभी होती, हातात फाइल. ती किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. रामकिशन धडपडून उठला.

"बसा," ती म्हणाली आणि स्वतःच बाकावर, दोघांच्या मधे बसली. रामकिशन अवघडून टोकाला सरकला. ऊन वऱ्हांड्यात चढत होतं. नागेश पाण्याचा जग घेऊन आला, तिघांना एका बाकावर बघून दारातच थबकला आणि परत गेला.

"रामकिशनभाऊ, चार महिने झोप नाही?"

"लागंल हळूहळू मॅडम."

"इथल्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत. आत्ता जाऊ. मी येते बरोबर."

"म्हंजी?" त्याचा चेहरा उतरला. "येडा झालो का मी? तसं लिहिनार का कोर्टात?"

"नाही. कोर्टात काय लिहायचं ते तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय लिहिणार नाही. आज फक्त झोपेचं बघू."

रामकिशननं अप्पांकडे बघितलं, तीस वर्षं हजेरी देणाऱ्या माणसाला अशा गोष्टी ठाऊक असणार, अशा नजरेनं. अप्पांनी मान हलवली. तसा तो उठला, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊ लागला.

संघप्रियानं फाइलमधून टाइप केलेली दोन पानं काढली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. "कोर्टाला पंधरा दिवस मागून घेते," ती म्हणाली. मग पर्स बंद करत, "त्या अकरा जणांचे पत्ते आहेत माझ्याकडं. अधिकार नसू दे. चहा प्यायला तर जाता येईल." अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात तो पुण्याचा फॉर्म होता, आणि त्याचा पहिला रकाना अजून कोराच होता.

रामकिशन रुमालानं तोंड पुसत आला. संघप्रियानं स्कूटीची किल्ली काढली. "आणि पुढच्या सोमवारी इथं या. महिन्याचा पहिला नाही, हाच येणारा."

"माझी मुदत तर सपली की मॅडम."

"संपली. तरी या."

तो विचार करत उभा राहिला. मग मान हलवली, पायऱ्या उतरला, आणि मोटारसायकलींच्या गर्दीत, जिथं पूर्वी लिंब होता तिथं थांबून, त्यानं वळून हाक मारली.

"बाबा! तुमी बी येनार का? का तुमची बी सपली?"

"नाही," अप्पा बाकावरून उठत म्हणाले. इतक्या मोठ्यानं ते त्या कचेरीत कधी बोलले नव्हते. "माझी नाही संपली. येतो मी."